अवधानाची औषधे आणि चिंता

अमेरिकेच्या ऱ्होड आयलंड राज्यातील ईस्ट प्रॉव्हिडन्स या गावी मुलांच्या मेंदूच्या व मनाच्या विकारांसाठी उभारलेली एक जुनी संस्था आहे. विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात डॉ. चार्ल्स ब्रॅडली हे तिचे प्रमुख होते. मेंदूचे क्ष-किरण चित्र घेण्याची त्या काळची रीत मोठी त्रासदायक असे. कण्यातून द्रव काढून घेऊन त्याच्या जागी हवा सोडावी लागे आणि त्यानंतर मुलांचे डोके भयंकर दुखे. काढून घेतलेला द्रव शरीरात लवकर तयार व्हावा, या हेतूने ब्रॅडली यांनी मुलांना बेन्झेड्रिन नावाचे उत्तेजक औषध देऊन पाहिले. डोकेदुखी काही हटली नाही. परंतु काही मुले एकाएकी अभ्यासात रमू लागल्याचे दिसून आले. ब्रॅडली यांनी या गोष्टीचा पाठपुरावा केला आणि ५ ते १४ वर्षे वयाच्या ३० मुलांवरील निरीक्षणे १९३७ साली प्रसिद्ध केली. त्यांपैकी १४ मुलांच्या शालेय कामात डोळ्यांत भरण्याजोगी सुधारणा झाली होती. मुलांनी स्वतःच या औषधाला 'गणिताच्या गोळ्या' असे नाव दिले होते.

थकलेल्या माणसाला जागे ठेवणारे औषध चंचल मुलाला स्थिर कसे करते, हे कोडे तेव्हापासून अभ्यासकांपुढे आहे. त्या कोड्याला लागूनच दुसरा एक प्रश्न उभा राहतो आणि घराघरांतून खरोखर विचारला जातो तो हाच. ज्या गोळीने मन एकाग्र होते, तिनेच मुलाचा जीव घाबरा होऊ शकेल काय? याचे उत्तर 'होय' असेही आहे आणि 'नाही' असेही आहे. ही दोन्ही उत्तरे एकाच वेळी खरी कशी, ते येथे पाहावयाचे आहे.

प्रथम विकाराविषयी थोडे. इंग्रजी आद्याक्षरांवरून ज्याला 'ए.डी.एच.डी.' म्हणतात, त्याला मराठीत अवधान-न्यूनता व अतिचंचलता विकार असे म्हणता येईल. अवधान हा आपल्याकडे मोठ्या मानाचा शब्द. एकाच वेळी आठ गोष्टींकडे लक्ष पुरविणाऱ्याला आपण अष्टावधानी म्हणून गौरवितो. त्यामुळे एकाही गोष्टीकडे लक्ष न टिकणे हा स्वभावदोष किंवा आळस मानला जातो, विकार नव्हे. परंतु लंडन येथील बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी १९०२ सालीच अशा मुलांचे वर्णन करून ठेवले आहे, ज्यांची बुद्धी उत्तम होती, घरची शिस्तही होती आणि तरीही ज्यांना स्वतःला आवरता येत नव्हते. जगभरातील पाहण्यांवरून शंभर मुलांपैकी सुमारे पाच मुलांत हा विकार असावा असा अंदाज आहे. पुष्कळांच्या बाबतीत तो प्रौढपणीही राहतो.

यावर वापरली जाणारी उत्तेजक औषधे मुख्यतः दोन कुळांतील आहेत. अँफेटामिन हे पहिले कूळ. ते द्रव्य रुमानियन रसायनशास्त्रज्ञ लाझार एडेलेआनू यांनी १८८७ साली बर्लिन येथे प्रथम तयार केले; ब्रॅडलींचे बेन्झेड्रिन याच कुळातले. दुसरे मेथिलफेनिडेट. स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे सीबा या कंपनीत लेआंड्रो पानिझोन यांनी ते १९४४ साली तयार केले आणि पुढे दहा वर्षांनी ते बाजारात आले. त्याचे 'रिटालिन' हे नाव पानिझोन यांच्या पत्नी रीटा यांच्या नावावरून पडले. रक्तदाब कमी असल्यामुळे त्या टेनिस खेळण्यापूर्वी ही गोळी घेत, असे सांगतात. ही हकीकत गमतीची वाटली तरी आपल्या विषयाच्या दृष्टीने ती अर्थपूर्ण आहे. रक्तदाब वाढविणे हा या औषधाचा आगंतुक गुण नसून त्याच्या मूळ कार्याचाच तो एक भाग आहे, हे तिच्यावरून ध्यानात येते.

मेंदूतील मज्जापेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात. दोन पेशींच्या मधे अतिसूक्ष्म फट असते. एका पेशीने त्या फटीत रासायनिक द्रव्य सोडावे, पलीकडच्या पेशीने ते ओळखावे आणि मग उरलेले द्रव्य पहिल्या पेशीने परत शोषून घ्यावे, असा हा व्यवहार अखंड चालू असतो. अवधानाशी ज्यांचा निकट संबंध आहे अशी द्रव्ये दोन: डोपामिन आणि नॉरअ‍ॅड्रिनॅलिन. मळ्यात दारे धरणारा शेतकरी पाटाचे पाणी एकेका वाफ्यात घेतो. पाणी वाफ्यात पुरेसा वेळ ठरले तरच ते मुळांपर्यंत पोहोचते. वाफ्याचा खालचा बांध फुटका असेल तर पाणी येते आणि निघून जाते. मेथिलफेनिडेट हा खालचा बांध घालते. म्हणजे द्रव्य परत शोषून घेणारी वाट अडविते, आणि त्यामुळे ते फटीत अधिक काळ राहते. अँफेटामिन बांध तर घालतेच, शिवाय वरचे दारही अधिक उघडते.

परंतु वाफ्यात पाणी तुंबले तर पीक पिवळे पडते, हेही शेतकऱ्याला ठाऊक असते. कपाळामागील मेंदूचा भाग हा विचार, संयम आणि हाती घेतलेले काम ध्यानात ठेवणे यांचे अधिष्ठान आहे. येल विद्यापीठातील एमी आर्नस्टेन आणि त्यांचे सहकारी यांनी प्राण्यांवर केलेल्या प्रयोगांतून असे दिसून आले की, नॉरअ‍ॅड्रिनॅलिन मध्यम प्रमाणात असले म्हणजे हा भाग सशक्तपणे काम करतो, आणि ते फार वाढले म्हणजे निराळ्याच ग्राहकांना जाऊन चिकटते व तोच भाग दुबळा होतो. मग मेंदूचा कारभार जणू अधिक जुन्या केंद्रांच्या हाती जातो, म्हणजे धोका हुंगणाऱ्या, दचकणाऱ्या, पळ काढावयास लावणाऱ्या केंद्रांच्या. मनुष्य घाबरतो तेव्हा नेमके हेच घडत असते. एका मुलाला पुरेशी होणारी मात्रा दुसऱ्याला अधिक का होते, हे यावरून काहीसे समजते. प्रत्येकाच्या वाफ्यात आधीच किती पाणी आहे, ते निरनिराळे असते.

हा झाला मेंदूचा भाग. शरीराची बाजू याहून साधी आहे. नॉरअ‍ॅड्रिनॅलिन केवळ मेंदूत वावरत नाही. हृदय आणि रक्तवाहिन्या यांनाही तेच हुकूम देते. उत्तेजक औषधांनी नाडीचे ठोके मिनिटाला सरासरी ३ ते ६ वाढतात आणि रक्तदाब पाऱ्याच्या २ ते ४ मिलिमीटरांनी चढतो. निरोगी हृदयाला हा भार जाणवूही नये. काहींच्या बाबतीत मात्र वाढ सरासरीहून बरीच अधिक होते, म्हणून वैद्य वेळोवेळी नाडी व रक्तदाब पाहतात. आता प्रश्न असा की, छाती धडधडते आहे, हात किंचित कापत आहेत, तोंड कोरडे पडले आहे, अशा वेळी मनाने काय समजावे?

या ठिकाणी १९६२ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आठवतो. स्टॅनली शॅक्टर आणि जेरोम सिंगर या मानसशास्त्रज्ञांनी १८४ विद्यार्थ्यांना 'दृष्टीवर परिणाम करणारे जीवनसत्त्व' असे सांगून इंजेक्शन दिले. प्रत्यक्षात पुष्कळांना दिलेले द्रव्य होते अ‍ॅड्रिनॅलिन. काहींना खरे परिणाम आधी सांगितले होते: छाती धडधडेल, हात कापतील, चेहरा तापेल. काहींना काहीच सांगितले नव्हते. ज्यांना धडधडीचे कारण ठाऊक होते ते शांत राहिले. ज्यांना ठाऊक नव्हते ते शेजारच्या माणसाच्या रागलोभाने अधिक भारले गेले. पुढे हा प्रयोग पुन्हा करून पाहणाऱ्यांना सर्वच निष्कर्ष तसेच मिळाले नाहीत, तेव्हा त्यावर फार मोठी इमारत उभारू नये. परंतु शरीरातील अकारण वाटणारी खळबळ मन कोणत्या तरी भावनेच्या खाती मांडते, एवढे तरी रोजच्या अनुभवाला धरून आहे.

अनुवाद करताना येथे माझी लेखणी थोडी थबकली. या विषयावरील इंग्रजी ग्रंथांत या सर्व अवस्थांना एकच शब्द वापरलेला असतो, आणि त्यासाठी मराठीत 'चिंता' हा शब्द आता रूढ झाला आहे. परंतु आपल्या बोलीत हे कप्पे पूर्वीपासून वेगळे आहेत. छातीत धस्स होते, जीव घाबरा होतो, पोटात गोळा येतो, ही शरीराची भाषा. काळजी लागते, धास्ती बसते, ही मनाची भाषा. तिला विषय असतो: उद्याची परीक्षा, आईचे आजारपण. आणि कशाचेच नाव सांगता न येणारी हुरहूर ही तिसरीच. वैद्याला हा भेद उपयोगी पडतो. उत्तेजक औषधाने जे प्रत्यक्ष उत्पन्न होते ते बहुधा पहिल्या प्रकारचे. मुलाला 'तुला चिंता वाटते का' असे विचारले तर ते मान हलवून मोकळे होईल; 'छातीत धडधडते का, आणि केव्हा' असे विचारले तर पुष्कळदा नेमके उत्तर मिळते.

आता त्या 'नाही'कडे वळू. कित्येक वर्षे मेथिलफेनिडेटच्या माहितीपत्रकात, अतिशय चिंताग्रस्त व तणावग्रस्त रुग्णास हे औषध देऊ नये, अशी सूचना छापलेली असे. ती सूचना तर्काला धरून होती. पण तर्क आणि मोजणी यांत अंतर पडते. २०१५ साली येल विद्यापीठातील संशोधकांनी पूर्वीच्या २३ चाचण्यांतील एकूण २,९५९ मुलांची आकडेवारी एकत्र केली. या चाचण्यांत काही मुलांना खरे औषध आणि काहींना केवळ औषधासारखी दिसणारी निर्गुण गोळी दिली जाते. अपेक्षा अशी की, खरे औषध घेणाऱ्यांत चिंता अधिक आढळेल. आढळले ते उलट! निर्गुण गोळी घेणाऱ्या १०० मुलांत चिंतेची तक्रार उद्भवली, तर औषध घेणाऱ्या तेवढ्याच मुलांत ती सुमारे ८६ जणांत उद्भवावी, असे ते प्रमाण होते.

असे का व्हावे? ज्या मुलाची वही रोज अपुरी राहते, ज्याला रोज वर्गाबाहेर उभे केले जाते, जे रोज डबा किंवा छत्री हरवून घरी येते, त्याला शाळेची धास्ती बसली तर नवल नाही. आपल्याला ठाऊक नसलेली कोणती चूक आज उघडकीस येणार आहे, या विचारात ते दिवस काढते. अशा मुलाचे अवधान सुधारले, की चुका कमी होतात, रागावणे कमी होते, आणि धास्तीचे मूळच उपटले जाते. १९९९ साली अमेरिका व कॅनडा येथील एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यात ७ ते ९ वर्षांच्या ५७९ मुलांवर चौदा महिने निरनिराळे उपचार करून पाहिले होते. त्यांतील सुमारे एक-तृतीयांश मुलांत चिंतेचा विकारही होता. म्हणजे या दोन विकारांची जोडी औषधाने लावून दिलेली नाही. ती बहुधा आधीपासून असते. औषध सुरू झाल्यावर घरच्यांचे मुलाकडे बारकाईने लक्ष जाते आणि जुनी भीती नवी म्हणून दिसू लागते, असेही घडते.

तथापि २०१५ च्या त्या निष्कर्षाचा अर्थ नीट लावला पाहिजे. सरासरीने चिंता घटली, याचा अर्थ कोणाचीच वाढली नाही असा नव्हे. नदीची सरासरी खोली गुडघाभर आहे एवढ्यावर विसंबून कोणी डोहात पाय टाकीत नाही. शिवाय अशा चाचण्या बहुतेक थोड्या आठवड्यांच्या असतात, आणि आधीच फार घाबरट असलेली मुले त्यांत घेतली जातातच असे नाही. तेव्हा एखाद्या आईने 'गोळी सुरू केल्यापासून माझी मुलगी घाबरते' असे सांगितले, तर तिला आकडे दाखवून गप्प करणे हे शास्त्र नव्हे. माझ्या मते या विषयात सर्वांत अधिक हानी दोन प्रकारांनी होते. एक, पहिल्याच धडधडीला भिऊन घरच्यांनी गोळ्या फेकून देणे. आणि दुसरे, मूल शांत बसते आहे एवढ्यावर समाधान मानून ते आतून कसे आहे हे न विचारणे. दुसरा प्रकार अधिक वाईट, कारण तो कोणाच्या लक्षातही येत नाही.

यावर उपाय म्हणजे घड्याळ. समजा, पाचवीतील एक मुलगी सकाळी आठला मेथिलफेनिडेटची साधी गोळी घेते. अर्ध्यापाऊण तासात परिणाम सुरू होतो, दोन तासांच्या सुमारास रक्तातील प्रमाण सर्वांत अधिक असते, आणि दुपारी बाराच्या आसपास परिणाम ओसरतो. तिला रोज दहाच्या सुमारास धडधडत असेल, तर संशय मात्रेवर जातो. रोज साडेबाराला ती रडवेली, चिडखोर आणि बेचैन होत असेल, तर औषध अधिक झाल्याचे ते लक्षण नसून उतरल्याचे असू शकते. वैद्य याला प्रतिक्षेप म्हणतात, आणि त्यावरील उपाय मात्रा कमी करण्याचा नव्हे, तर आठ ते बारा तास हळूहळू सुटणारे औषध देण्याचा असू शकतो. रात्री अंथरुणावर पडल्यावर भीती वाटत असेल, तर झोप उडाली आहे काय हे पाहावे. झोप न झालेल्या मुलाला दुसऱ्या दिवशी सगळेच भेडसावते. आणि रविवारी, शाळा नसताना, गोळी घेऊनही काहीच होत नसेल, तर गोळीपेक्षा शाळेची चौकशी करणे बरे.

आणखी दोन गोष्टी फार क्षुल्लक म्हणून सुटून जातात. या औषधाने भूक मरते. सकाळची गोळी, मग न खाल्लेला डबा, आणि चार वाजता हातपाय कापणारे मूल: यात औषधाचा वाटा किती आणि उपवासाचा किती, हे आधी भरपेट न्याहारी देऊन पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. दुसरी गोष्ट चहा. चहा-कॉफीतील कॅफिन हेही उत्तेजकच; ते निराळ्या वाटेने काम करते, परंतु धडधडीत भर घालते. परीक्षेच्या दिवसांत मोठ्या मुलांचे चहाचे कप वाढतात आणि दोष गोळीला जातो.

ही टिपणे ठेवण्यासाठी साधी वही पुरते. गोळीची वेळ, जेवण, झोप, धडधड केव्हा व किती वेळ, आणि त्या दिवशी काही विशेष घडले काय. वर्गशिक्षकांनी दोन ओळी लिहून दिल्या तर फारच उत्तम, कारण औषधाचा ऐन भर शाळेच्या वेळात असतो आणि तेव्हा आईवडील जवळ नसतात. ब्रॅडली यांनी १९३७ साली याहून निराळे काही केले नव्हते. एक आठवडा औषधाविना, एक आठवडा रोज सकाळी औषध, पुन्हा एक आठवडा औषधाविना. आणि तिन्ही आठवडे परिचारिका व शिक्षक यांच्या नोंदी.

वही पाहिल्यावर वैद्याच्या हाती बरेच उपाय असतात. औषधाची सुरुवात मुळातच अल्प मात्रेने करून ती आठवड्याआठवड्याने वाढविण्याची पद्धत आहे. धडधड वाढली तर एक पायरी खाली येता येते. पहिल्या काही दिवसांची अस्वस्थता पुष्कळदा आपोआप निवळते. एका कुळातील औषध न मानवल्यास दुसरे मानवू शकते. उत्तेजक वर्गात न मोडणारे अ‍ॅटोमॉक्सेटिन हे औषध अमेरिकेत २००२ साली मान्य झाले. त्याचा गुण यावयास काही आठवडे लागतात, परंतु ज्यांना चिंतेचाही विकार आहे अशांपैकी काहींना ते अधिक मानवते. चिंताच प्रबळ असेल तर तिच्यावर आधी किंवा जोडीने उपचार करतात, आणि तो केवळ गोळ्यांचाच असतो असे नव्हे. वर सांगितलेल्या १९९९ च्या अभ्यासात, चिंता असलेल्या मुलांना वर्तनोपचारांचा, म्हणजे पालक व शिक्षक यांना शिकविलेल्या वागणुकीच्या पद्धतींचा, जवळजवळ औषधाइतकाच गुण आला होता. मात्र छातीत दुखणे, घेरी येऊन पडणे, नसलेल्या गोष्टी दिसणे किंवा ऐकू येणे, जीव नकोसा झाल्याचे बोलणे, यांपैकी काही घडले तर वही भरीत बसू नये. त्याच दिवशी वैद्याला गाठावे.

आपल्या देशात मेथिलफेनिडेट औषध नियमांच्या 'एक्स' अनुसूचीत आहे. वैद्याने चिठ्ठी दोन प्रतींत लिहावी आणि एक प्रत औषधविक्रेत्याने दोन वर्षे जपून ठेवावी, असा नियम आहे. कित्येक पालकांना या कडक व्यवस्थेचीच भीती वाटते. मुलाला काही भयंकर वस्तू दिली जात आहे असा समज होतो. कडकपणाचा हेतू निराळा आहे. ज्यांना हा विकार नाही असे लोक जागरणासाठी किंवा केवळ नशेसाठी ही औषधे घेतात, त्याला आळा बसावा म्हणून तो नियम आहे. मित्राची गोळी परीक्षेच्या आदल्या रात्री घेणाऱ्या विद्यार्थ्याची मात्रा कोणी ठरविलेली नसते, त्याचा रक्तदाब कोणी पाहिलेला नसतो. रात्रभर जागरण, वर चहा, आणि सकाळी प्रश्नपत्रिका हातात पडताच छातीचा ठोका कानांत ऐकू येतो, तेव्हा तो कशाचा हे त्याचे त्यालाही सांगता येत नाही.

ज्या मुलाला औषध रीतसर दिले जाते, त्याला ते सांगता यावे अशी तजवीज मात्र पहिल्याच दिवशी करता येते. पुष्कळ घरांत गोळी 'शक्तीची' म्हणून किंवा दुधात चुरून, काही न बोलता दिली जाते. मुलाचे मन दुखावू नये हा त्यामागील हेतू असतो. परंतु धडधड सुरू झाली की त्या मुलाची गत नेमकी शॅक्टर-सिंगर यांच्या त्या अनभिज्ञ विद्यार्थ्यांसारखी होते. काही वैद्य पहिली चिठ्ठी देतानाच पालकांकडे न पाहता मुलाकडे वळतात आणि त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलतात: "ही गोळी घेतलीस की थोड्या वेळाने छाती जरा जोरात धडधडेल. पळून आल्यावर धडधडते ना, तशी. ती गोळीमुळे असते, कशाला भ्यालास म्हणून नव्हे. पण फार वाटले, नाहीतर भीतीच वाटायला लागली, तर लगेच आईला सांग, आणि तेव्हा किती वाजले होते तेही सांग."